हिरव्या जाळीखालचा फोटो

तात्यांच्या अंगात बारा महिने करडा सदरा असायचा. बारामतीतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी अल्बम जुळवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या लाल ओढणीकडे साप बघावा तसं बघितलं. म्हणाले, "पोरी, ती आदी काडून भाईर ठिव. तिचा रंग लॅपटॉपच्या पडद्यावर पडतो, आन् मंग मानसाचं त्वांड बिघडतं." मला वाटलं, म्हातारा जरा चक्रम आहे.

चक्रम नव्हते, भित्रे होते. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दर सोमवारी लॅपटॉपची तपासणी. खिडकी बंद, लॅपटॉप अर्धा तास आधी चालू करून ठेवलेला. मग माऊसएवढं काळं यंत्र पडद्यावर लटकवायचं. पडद्यावर लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक येत. यंत्र ते मोजून पडदा कुठं खोटं दाखवतो ते हुडकायचं आणि तेवढी दुरुस्ती लॅपटॉपात नोंदवायचं. तोवर तात्या श्वास रोखून उभे. नंतर कुणी ब्राइटनेसला बोट लावलं तर त्याची धडगत नसे. "डोळा लय लबाड हाय," ते म्हणायचे. "कसल्याबी उजेडाची सवय करून घेतो, आन् आपल्याला सांगत न्हाय."

ही भीती कुठून आली, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. यंत्र यायच्या आधी ते रंग नजरेनंच लावत. एका उन्हाळ्यात दुकानात फार ऊन येतं म्हणून दारावर शेडनेट बांधलं. रोपवाटिकेवर असते तीच हिरवी जाळी. त्याच दिवसांत भिगवणची एक बाई नवऱ्याचा फोटो मोठा करून घ्यायला आली. मासेमारीला गेलेला नवरा उजनीच्या पाण्यात बुडाला होता. तात्यांचे डोळे हिरव्या उजेडाला सरावलेले, त्यामुळे पडद्यावरचा चेहरा त्यांना उगीच गुलाबी वाटला. ते गुलाबी कमी करत गेले आणि चेहरा नकळत हिरवट होत गेला. लॅबमधून गुंडाळून आलेला फोटो बाईनं दुकानाबाहेर उन्हात उघडला आणि किंकाळी फोडली. "पान्यातनं काडला तवा ह्यो असाच दिसत हुता!" फोटो छातीशी धरून ती चालू लागली. तात्यांना तिच्या मागं जाववलं नाही.

जाळी त्यांनी त्याच दिवशी फाडली. पुढं यंत्र आणलं, भिंती करड्या केल्या. पण भिगवणला जायचं धाडस काही झालं नाही. दर वर्षी तो फोटो लॅपटॉपवर उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा बंद करायचे.

गेल्या वर्षी मोतीबिंदूनं त्यांना गाठलं. दुकान माझ्या हाती द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तो फोटो माझ्यापुढं ठेवला. "माझ्या डोळ्यास्नी समदं पिवळं दिसतंय. आता तूच बग." मग त्यांची भीती माझ्याकडे आली. मी ओढणी बाहेर ठेवली, पडदा दोनदा मोजला, दुरुस्ती केली, प्रिंट आली तशी उन्हात नेऊन पाहिली. साधा, रापलेला, सावळा चेहरा होता.

भिगवणच्या एसटीत तात्यांनी ते पुडकं मांडीवर घट्ट धरलं होतं. वाटेत तीनदा म्हणाले, "हितंच उतरू या का?"

बाईच्या घरात भिंतीवर तोच हिरवट फोटो होता, ताज्या हारासकट. तिनं तात्यांना ओळखलं. तात्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं, म्हणून अंगणातल्या उन्हात मीच ते सोडलं. बाईनं फोटो हातात घेऊन जवळून पाहिला.

"ह्यो तर जित्ता दिसतोय," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय, तात्या. ह्येला हार कसा घालू?"

जुना फोटो तिनं भिंतीवर तसाच राहू दिला. नवा लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. "ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि आम्हाला चहा ठेवायला उठली. तात्या उंबऱ्यावर बसून रडले.

त्याच आठवड्यात ते लेकीकडे इंदापूरला गेले. जाताना करडा सदरा माझ्या खुंटीला अडकवून गेले. तो घालून मी प्रिंट उघडते तेव्हा मलाही भीती वाटते. चेहरा अगदी बरोबर आला, तर जास्तच.