ग्रहणात चिरलेलं वांगं

माझ्या उजव्या गालावर जन्मापासून वांग्याच्या रंगाचा डाग आहे. आईच्या मते तो तिच्यामुळे. मी पोटात असताना ग्रहण लागलं. सासूने हातात विळी घ्यायची नाही म्हणून बजावलेलं, पण हिला भूक आवरेना, आणि ती गुपचूप वांगं चिरायला बसली. पन्नास वर्षं तिने ते मनाला लावून घेतलंय. मी मात्र डागावर कधी रुसलो नाही. त्याच्यामुळे माझ्या उरलेल्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हा फायदा काय कमी आहे?

पण चाळिशीनंतर तो सपाट डाग जाड होत गेला, त्यावर बारीक गाठी आल्या. परवा दाढी करताना त्यातली एक कापली आणि रक्त थांबेना. टॉवेल दाबून मी काही नाही, काही नाही म्हणत होतो, तोवर आईने चपला घातल्यासुद्धा. तळेगाव ढमढेऱ्याहून शिरूरपर्यंत एसटीत ती एक शब्द बोलली नाही. आई गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं, भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, कॅन्सर वगैरे नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच रुंद, त्यांना आवळून धरायला लावणारे मज्जातंतूही कमी. मग वर्षानुवर्षं त्या ठिबकच्या जुन्या नळीसारख्या फुगत जातात, आणि डाग जाड होतो. गाठ काढता येईल, लेझरने रंगही फिका होईल.

मी उठलो. आई जागची हलेना.

"बाई, म्या गिराणात वांगं चिरलं व्हतं. त्यानंच झालं न्हवं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्यासाठी त्यांना शंभर नमस्कार.

"नाही आजी. वांगं चिरलं नसतं तरी हा डाग आलाच असता."

आईने तेच आणखी दोनदा विचारून घेतलं. मग पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, चल, भूक लागली.

परतीच्या एसटीत तिची जीभ सुटली. शेजारच्या बाईंना, पुढच्या सीटवरच्या आप्पांना, शेवटी कंडक्टरलाही तिने माझी हनुवटी धरून गाल दाखवला.

"ह्यात माजी काय बी चूक न्हाई. ह्याच्या नळ्याच ढिल्या हायत."

शिक्रापूर येईपर्यंत अर्ध्या गाडीने मला तपासलं. एका आजींनी तर बोट लावून पाहिलं. दोन पोरांचा बाप असलेल्या मी लाजून खिडकीकडे तोंड फिरवलं, तर आई म्हणाली, "इकडं बघ की जरा. मागच्यांना दिसंना."