शेततळ्याचं ठिगळ

लोणीच्या निर्मलानं रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि शेततळ्यांत अंथरलेले प्लास्टिकचे फाटके कागद जोडायला लागली. शिकून हेच करायचं होतं का, असं विचारणाऱ्यांना ती उत्तरही देत नाही. तेवढा वेळ कुणाला आहे?

यंदा शेजारच्या भिमामामांनी खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या. कळप पाणी प्यायला त्यांच्या शेततळ्यात उतरला आणि खुरांनी उतारावरचा कागद फाडला. दुसऱ्याच दिवशी कालव्याला पाणी सुटणार होतं. तळं भरलं नाही, तर उन्हाळ्यात टोमॅटो वाळणार.

मामांनी निर्मलाला बोलावलं आणि ठिगळाला पॉलिहाऊसचा उरलेला कागद पुढे केला. "हा लाव. त्यो बी प्लास्टिक, ह्यो बी प्लास्टिकच."

"मामा, तळ्याच्या कागदातल्या रेणूंच्या साखळ्या सरळ असतात. उसाच्या मोळीसारख्या घट्ट बसतात. ह्यातल्या साखळ्यांना फांद्या असतात, बाभळीचे फाटे रचल्यागत मधे फटी राहतात. म्हणून हा मऊ, आणि लवकर वितळतो."

"लई शिकलीस! लाव आता."

तिनं गरम हवेचं यंत्र धरलं. तळ्याचा कागद जेमतेम तापला, तोवर मऊ तुकड्याला भोक पडलं.

"आता गं?" मामांचा चेहरा उतरला.

"फावडं आणा. बांधावरच्या चरात तळ्याच्याच कागदाची कड पुरलीय."

कड उकरून तिनं हातभर तुकडा कापला आणि गरम हवेनं तोच डकवला; दोन्ही कागद बरोबरच वितळून एकजीव झाले.

दुसऱ्या दिवशी पाणी ठिगळाच्या वर चढलं आणि संध्याकाळपर्यंत जरासुद्धा उतरलं नाही.

"तळ्याला कुंपण घालतो बघ," मामा म्हणाले.

"मेंढ्या बसवायच्या आधी घाला," निर्मला म्हणाली आणि गाडीला किक मारली.