पांढरी पडलेली खिडकी

हवामान केंद्राकडून तापमानाचे आकडे मागवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी घरी लिहीत होतो. बटण दाबलं, सर्व्हरकडे विनंती गेली आणि स्क्रीनवरची खिडकी पांढरी पडली. वर शब्द उमटले, ‘प्रतिसाद देत नाही.’

शेजारी पेपर उघडून बसलेल्या बाबांनी विचारलं, “बंद पडलं का रे?”

“नाही. त्यानं सर्व्हरला काहीतरी विचारलंय. उत्तर येईपर्यंत त्याला दुसरं काही सुचत नाही.”

“मग राहू दे तसंच,” बाबा म्हणाले.

खरं तर प्रोग्रॅमनं वाट बघण्याचं काम पडद्यामागे चालू ठेवायचं असतं, म्हणजे तोवर खिडकी जिवंत राहते. काही माणसांनाही ते जमतं. बाबांना जमलेलं नाही. आई गेल्यापासून त्यांना हाक मारली तरी ऐकू जात नाही आणि ‘हल्ली त्यांचं कशात लक्षच नसतं,’ असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. ते कुणाला तरी काही विचारून उत्तराची वाट बघत असतील, हे आमच्या मनातही येत नाही.

थोड्या वेळानं आकडे आले. खिडकी उजळली.

बाबांच्या हातातल्या पेपरचं पान मात्र सकाळपासून तेच होतं.