सापडेकर आणि आमचा शोध्या

सापडेकरांकडे एखादा कागद मागायला गेलं, की ते कागदाचा नंबर विचारत नसत. ते विचारत, "कशासाठी हवाय?" चाकणच्या आमच्या कारखान्यात या प्रश्नाचा लोकांना फार राग यायचा. प्रॉडक्शनचे पाटील एकदा चिडून म्हणाले, "अहो, ड्रॉइंग मागतोय, तुमची मुलगी मागत नाहीये!" सापडेकर तितक्याच शांतपणे म्हणाले, "मुलीच्या वेळी मी काही विचारणार नाही. तीच विचारेल." मग त्यांनी पाटलांकडून सगळी अडचण ऐकून घेतली आणि ड्रॉइंगऐवजी तपासणीचा एक जुना तक्ता काढून दिला. पाटलांना खरं तर तोच हवा होता. पाटील तक्ता घेऊन, आभार न मानता निघून गेले. सापडेकरांना त्याची सवय होती.

त्यांचं खरं आडनाव गायकवाड. 'सापडेकर' हे शॉप फ्लोअरवर, मशीनवरच्या माणसांत पडलेलं नाव. पुढे ते इतकं रुळलं की एका दिवाळीच्या भेटवस्तूवरही तेच छापून आलं. आम्ही गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनवायचो आणि त्या ब्रॅकेटांचे कागद सांभाळायचं काम त्यांचं. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. "वडिलांच्या हाताला वंगणाचा वास यायचा, माझ्या हाताला झेरॉक्सचा येतो," ते म्हणायचे. "एका पिढीत एवढी प्रगती पुष्कळ झाली." ते पिंपळे गुरवला राहायचे, मी रहाटणीला. कंपनीची बस दोघंही नाशिक फाट्यावर पकडायचो, त्यामुळे मोशीच्या ट्रॅफिकमध्ये आमच्या भरपूर गप्पा झाल्या.

एका वर्षी साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लँट हेडनी, सगळे कागद क्लाउडवर टाकायचं ठरवलं. क्लाउडवर म्हणजे नेमके कुठे, हे सापडेकरांनी मला बसमध्ये एकदाच विचारलं. मी सांगितलं, दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर.

"मग किल्ली त्यांच्याकडे?"

"नाही, किल्ली आपल्याकडे."

"आणि कपाट त्यांच्याकडे. बरं."

कपाट मोठं निघालं. प्रत्येक विभागाने आपापल्या फाइली त्यात ओतल्या आणि त्यांची नावं होती 'नवीन', 'फायनल', 'फायनल २', 'ही बघा' आणि 'साहेबांसाठी'. महिन्याभरात कुणाला काहीच मिळेना. क्वालिटीत असूनही मला कॉम्प्युटरचा नाद होता, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. मी एक ओपन सोर्स चॅट बॉट शोधून काढला. ऑफिसच्या चॅटवर त्याला साध्या शब्दांत विचारायचं आणि त्याने क्लाउडमधली फाइल शोधून द्यायची. त्याचा कोड सगळ्या जगाला खुला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, हवा तसा बदलावा. साहेबांनी एवढंच विचारलं, "फुकट आहे ना? मग लावा."

सापडेकरांची चौकशी मात्र वेगळी होती. "हे लिहिलं कुणी?"

"जगभरातल्या लोकांनी. आपापल्या वेळात, फुकट."

"आणि घरचे काही बोलत नाहीत त्यांना?"

बॉट सुरू झाला आणि लोकांनी त्याचं नाव शोध्या ठेवलं. पहिल्याच दिवशी पाटलांनी त्याच्याकडे 'डुक्कर ब्रॅकेट' मागितलं. डुकराच्या नाकासारख्या दिसणाऱ्या एका पार्टला सगळा कारखाना याच नावाने ओळखायचा. शोध्याने कँटीनचा मेनू काढून दिला. आता सापडेकर खूश होणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, त्याची चूक नाही. त्याला आपली भाषा कुणी सांगितलीच नाही." आणि त्यांनी यादी करायला घेतली. डावीकडे कामगारांच्या तोंडचा शब्द, उजवीकडे पार्टचं खरं नाव आणि नंबर. गिऱ्हाइकाकडून आलेलं एक मोजमापाचं साधन होतं, त्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. त्याचं नाव 'जावई'. तेही यादीत आलं. शोध्याने आधी ही यादी बघावी, असा बदल मी कोडमध्ये केला. तीन महिन्यांत शोध्या इतका हुशार झाला की सापडेकरांच्या खोलीकडे कुणी फिरकेना. वार्षिक समारंभात साहेबांनी माझा सत्कार केला. सापडेकर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेव्हा लोकांची एक तक्रार होती, की शोध्या एकाच ड्रॉइंगच्या पाच-पाच आवृत्त्या दाखवतो. म्हणून मी जुन्या आवृत्त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि शोध्याला तिथे बघायला बंदी घातली. उत्तरं एकदम स्वच्छ येऊ लागली. साहेबांनी त्याबद्दलही कौतुक केलं.

मग ब्रॅकेटांचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला. भोक दोन मिलिमीटर सरकलेलं होतं. भोकं पाडणाऱ्या प्रेस मशीनवर होता बालाजी, लातूरकडचा, चाळिशीचा, कंत्राटी कामगार. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर शोध्याला ड्रॉइंग विचारलं. शोध्याने क्षणात दाखवलं. ड्रॉइंग बरोबर, म्हणजे बालाजी चूक.

"म्या मशीनवरचा कागद बघूनच केलं की हो साहेब," बालाजी म्हणाला. "त्यावर असंच व्हतं."

"मग कुठंय तो कागद?"

"बदलून नेला की. नवा लावला."

साहेबांनी पाटलांकडे पाहिलं. कंत्राटी माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणायला कुठलाही कागद लागत नाही. जुनं ड्रॉइंग आहे, ते कुठे आहे आणि शोध्या ते का दाखवत नाही, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. मी तोंड उघडलं नाही. आधी नीट खात्री करावी, मग बोलावं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला सत्कार आठवत होता.

"त्या दिवशी त्याच्या मशीनवर कुठलं ड्रॉइंग होतं, ते विचारलं का?" मागच्या खुर्चीवरून सापडेकर म्हणाले.

"विचारलं ना आत्ता! बॉटने दाखवलं की."

"त्याने आजचं दाखवलं, साहेब. लॉट मागच्या महिन्यातला आहे."

ते उठून गेले आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. कोणत्या मशीनवर कोणतं ड्रॉइंग कधी लावलं, याची ती नोंदवही. क्लाउड आल्यावर ती बंद करायचा हुकूम निघाला होता. "बंदच केली होती," सापडेकर म्हणाले, "फक्त लिहायचं थांबलं नाही." वहीत जुन्या ड्रॉइंगसमोर बालाजीची सही होती. भोकाची जागा बदललेलं नवं ड्रॉइंग त्याच्या मशीनवर पोचलं ते लॉट निघाल्यानंतर चार दिवसांनी. त्याआधी ते नऊ दिवस मंजुरीसाठी साहेबांच्या मेलमध्ये पडून होतं, हेही त्याच ओळीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानंतर चौकशीत कुणालाच रस उरला नाही. बालाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मशीनवर हजर होता.

परतीच्या बसमध्ये मी सापडेकरांना खरं काय ते सांगितलं. फोल्डर मी लपवला होता आणि मीटिंगमध्ये मी गप्प बसले.

"फोल्डरचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "गप्प बसाल असं वाटलं नव्हतं."

मोशी मागे पडल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुम्हाला त्याचा कोड बदलता येतो ना? मग त्याला एक वाक्य शिकवा. उत्तर देताना त्याने कुठे बघितलं नाही, तेही सांगावं. माणसाला सांगायला जड जातं. त्याला काय जड आहे?"

मी तो बदल केला. तेव्हापासून शोध्या प्रत्येक उत्तराखाली लिहू लागला: 'अमुक फोल्डरमध्ये मी पाहिलेलं नाही. माहितगार माणसाला विचारा.' ओपन सोर्सच्या रीतीप्रमाणे मी तो बदल मूळ बनवणाऱ्यांनाही पाठवला. त्यांनी तो घेतला. मी सापडेकरांना ही बातमी दिली.

"काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले."

"परकी माणसं आहेत. आपल्याकडे वेळ लागेल."

त्यांच्या निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ होतं. भाषणात साहेब म्हणाले, सापडेकरांचं सगळं ज्ञान आता क्लाउडवर सुरक्षित आहे. नियमाप्रमाणे त्याच संध्याकाळी त्यांचं क्लाउडवरचं खातं बंद झालं. शोध्या बघायचा ती टोपणनावांची यादी त्याच खात्यात होती. खात्याबरोबर तीही गेली.

सकाळी पाटलांनी डुक्कर ब्रॅकेट मागितलं आणि शोध्याने पुन्हा कँटीनचा मेनू दिला. दुपारपर्यंत तीन मशीनं उभी राहिली. खातं परत मिळवायचा अर्ज दूरच्या कुठल्या ऑफिसात गेला होता आणि त्याला आठवडा लागणार होता. शेवटी साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं ऐकतात ते. जरा फोन करून बघा."

दुसऱ्या दिवशी सापडेकर पीएमपीच्या बसने आले. कंपनीच्या बसमध्ये बाहेरच्या माणसाला परवानगी नव्हती. गेटवर त्यांना व्हिजिटरचा पास मिळाला आणि सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "काम काय आहे?" सापडेकरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बरोबर विचारलंत," ते म्हणाले.

मग दिवसभर ते माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी टाइप करत होते. समोर कागद नाही, वही नाही. एकेक पार्ट, त्याचं नाव, टोपणनाव, नंबर. मध्येच थांबून म्हणायचे, "याला नाइट शिफ्टवाले वेगळं म्हणतात," आणि तेही घालायला लावायचे. चहा घेऊन साहेब स्वतः आले. सापडेकरांनी चहा घेतला आणि त्यांना सांगितलं, "ही यादी आता कुणा एकाच्या नावावर ठेवू नका. माणसं जातात."

संध्याकाळी मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले. मी म्हटलं, "काही अडलं तर फोन करीन हं."

"करू नका," ते म्हणाले. "अडू द्या. अडल्याशिवाय तुम्ही लोक लिहून ठेवणार नाही." बस आली. गर्दीत चढताना त्यांनी हात वर केला, तो मला उद्देशून होता की दांडी धरायला, ते कळलं नाही.

मी त्यांचं ऐकलं. अडलं तेव्हाही फोन केला नाही, आणि मग नुसतं कसे आहात विचारायलाही करायचा राहिला. सात महिन्यांनी ते गेल्याचा मेसेज ग्रुपवर आला, तेव्हा त्यांच्या आजारपणाचीही मला कल्पना नव्हती. मी पिंपळे गुरवला गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो ठेवला होता. त्यांच्या मुलीने मला लगेच ओळखलं.

"पप्पा तुमच्याबद्दल बोलायचे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी रोज विचारायचे, कंपनीतून फोन आला का. मी नाही म्हटलं की खूश व्हायचे. म्हणायचे, म्हणजे सगळं सापडतंय त्यांना." मग तिने विचारलं, "सापडतंय ना?"

त्या आठवड्यात दोन ड्रॉइंगं आणि एक अख्खा तपासणी अहवाल आम्हाला कुठेही मिळत नव्हता.

"हो," मी म्हटलं. "सगळं सापडतंय."