माझ्या रणगाड्याला दार नाही

मी मनानं रचलेला दुर्गाण देश काल्पनिक देश रचणाऱ्यांच्या या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. पत्रे ठोकलेल्या बैलरथापासून आजच्या रणगाड्यापर्यंत त्याच्या फौजेचा सगळा इतिहास मी वहीत काढलाय.

आज सकाळी ती वही लय ऐटीत माणिकमामांना दाखवली. मामा सेलूत आमच्याच गल्लीत राहतात. फौजेत रणगाडा चालवायचे, आता शेळ्या पाळतात.

चष्मा पुसून त्यांनी एकेक पान बघितलं. शेवटच्या रणगाड्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो पेटला तर आतलं लेकरू कुठून निघंल?"

मी फुशारकीनं म्हणालो, "मामा, कुठं फटच ठेवली नाही. म्हणून तर मजबूत आहे!"

मामांनी वही मिटून माझ्या हातात दिली अन् शेळ्यांना पाला टाकायला गेले.

घरी येऊन सगळी पानं पुन्हा बघितली. प्रत्येक तोफेचा पल्ला लिहिलाय, पत्र्याची जाडी लिहिलीय. दार एकाही गाडीला नाही, पहिल्या बैलरथालासुद्धा नाही. आत माणूस बसतो, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही. लय लाज वाटायलीय.

तुम्हीही आपापल्या देशाच्या गाड्यांची चित्रं उघडून बघा. आतल्या माणसाला बाहेर येता येतं का?