डाव्या बाजूची सूज

ती मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तोंडाने ‘काही होत नाही, चला’ म्हणत राहायचं, हा तिचा धंदा. शिकून गेलेले लोक तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्याला धीर देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र तो धीर कुठून आणावा, हे तिला सुचेना.

लग्नाआधी, स्वतःच्या कमाईतून, तिने छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. कुणी भरीस घातलं नव्हतं. हौस होती, भागवली. बरीच वर्षं सुखाची गेली. मग डावीकडचा हळूहळू दगडासारखा कडक झाला, वर सरकला, आणि सीटबेल्ट लावला की कळ थेट काखेपर्यंत जायला लागली. शेवटी तिने दोन्ही काढून टाकायचं ठरवलं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. सासूबाईंना मात्र दोघांनी ‘छातीचं छोटंसं ऑपरेशन आहे’ एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

पुढे काय होईल ते डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं. सूज येईल, कातडी काळीनिळी पडेल. दोन्ही कुशींतून बारीक नळ्या बाहेर काढलेल्या असतील, त्यांतून लालसर पाणी झिरपेल. छातीवर दिवसरात्र घट्ट पट्टा. उशा रचून उताणंच झोपायचं, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही. ‘आणि एकच बाजू एकाएकी फुगली किंवा ताप आला, तर वाट बघत बसू नका.’ एवढ्या सगळ्यातलं हे शेवटचं वाक्य तेवढं तिच्या डोक्यात रुतून बसलं.

ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून तिचं एकच काम. पट्ट्यावरून हळूच हात फिरवायचा, उजवी बाजू चाचपायची, डावी चाचपायची. सारखीच आहे ना? मघाशी एवढीच होती ना? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो म्हणाला, “अगं, दर मिनिटाला झाकण उघडून बघितलं तर भातसुद्धा शिजत नाही.” ती हसली, आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून पुन्हा घाबरली.

नळ्या काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला खुर्चीवर बसवून, मान मागे करून, तिचे केस धुतले. हात वर जात नव्हते, त्यामुळे इलाज नव्हता. पाणी ओतता ओतता सासूबाईंचा हात थांबला.

“एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा ना, आई.”

“किती पसरलाय?”

“काय पसरलाय?”

“कॅन्सर गं. मला म्हातारीला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी खोलीत आले की दोघंही गप्प होता. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

तिने सगळं सांगून टाकलं. डोळे मिटून, भराभर, कडू औषध गिळावं तसं. मगातलं पाणी सासूबाईंनी तिच्या डोक्यावर जरा जोरातच ओतलं.

“मेले तुम्ही दोघं! माझा जीव टांगणीला लावलात. आधी सांगितलं असतंत तर चार दिवस नीट झोपले तरी असते.” आणि थोड्या वेळाने, टॉवेल गुंडाळताना, “दुखतंय का फार?”

त्या विचारण्याने तिला रडू आलं. पण पट्टा बदलायला म्हणून सासूबाईंनी हूक सोडले आणि त्या एकदम म्हणाल्या, “ही डावी बाजू अशीच होती का गं?”

नव्हती. सकाळी चाचपली तेव्हा नव्हती. आता ती टरारून फुगली होती आणि हलली की आत पाणी डुचमळत होतं.

नवऱ्याने डॉक्टरबाईंना फोन केला आणि गाडी काढली. ती मागच्या सीटवर, छातीवर उशी धरून, शेजारी सासूबाई. रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला ती ओरडायची, “हळू! अरे, हळू!” तिच्याच हाताखाली शिकलेला नवरा आरशातून म्हणाला, “बाई, पास केलंत ना मला?” कुणी हसलं नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं. “पाणी साचलंय. असं होतं कधीकधी. बरं केलंत लगेच आलात.” सुईने त्यांनी ते पिवळसर पाणी ओढून घेतलं. ऑपरेशनपासून तो भाग बधिरच होता, तरी तिने सासूबाईंचं मनगट असं आवळलं की त्यावर वळ उठले. पट्टा पुन्हा घट्ट बांधला गेला. निघताना तिने विचारलं, “आणि तो तपासायला पाठवलेला तुकडा?” इम्प्लांटभोवती शरीराने धरलेलं जाड आवरण प्रयोगशाळेत गेलं होतं. “अजून रिपोर्ट आलेला नाही. काही वाईट दिसलं नव्हतं, पण बघितलेलं बरं.” या ‘पण’ने तिचे पुढचे कितीतरी दिवस खाल्ले. विमावाल्याचा फोनसुद्धा तिने एकदा पहिल्याच रिंगला उचलला.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा ती आरशासमोर उभी होती, पहिल्यांदाच पट्ट्याशिवाय. छाती सपाट, कातडी पिळून न झटकलेल्या कपड्यासारखी चुरगळलेली, डावीकडे एक खळगा. हे कुणाचं अंग, असं तिला वाटत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रिपोर्ट आला, सगळं ठीक आहे. काळजीचं काही नाही.” तिने पुन्हा म्हणायला लावलं, मग तिसऱ्यांदाही. सूज उतरेल, कातडी जरा आवळेल, खळग्याचं नंतर बघता येईल, असंही त्या म्हणाल्या. ती आहे तशीच पलंगावर बसली आणि तिने सासूबाईंना हाक मारली.

डॉक्टरबाईंची परवानगी मिळाल्यावर ती कामावर गेली. गाडी शिकायला आलेला पोस्टमन इतका घाबरट होता की गाडी कासवाला लाजवेल अशी चालली होती. एका वळणावर, मुंगी चावावी तशी, तिला डाव्या बाजूला बारीक खाज सुटली. ऑपरेशननंतर त्या जागेने पहिल्यांदाच काही कळवलं होतं. ती खुदकन हसली.

“माझं काही चुकलं का, मॅडम?”

“नाही हो,” ती म्हणाली. “तुम्ही चालवा.” आणि दुसऱ्या क्षणी तिच्या मनात आलं, पण ही खाजच आहे ना? तिने सदऱ्यावरून हळूच चाचपून पाहिलं.