जोडीची कवडी

माझी आई तुळजाभवानीची आराधी. दर मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन ती गावात जोगवा मागायची. निजामाचं राज्य गेलं, नवी कामं निघाली आणि माझा थोरला भाऊ पार अंदमानात रस्त्याच्या कामाला गेला. पहिल्या सुट्टीत येताना त्यानं आईला एक शंख आणला. बोटाएवढा लांबट, पांढऱ्यावर तपकिरी जाळी, आणि कवडीसारखी अरुंद चीर. ती चीर बघूनच आईनं ठरवून टाकलं, ही देवीची मोठी कवडी.

भाऊ हसला. "आई, ही कवडी न्हाय, समिंदरातल्या गोगलगाईचं घर हाय."

ऐकेल तर ती आई कसली. सोनाराकडून भोक पाडून तिनं शंख माळेच्या मधोमध ओवला. भाऊ निघाला तेव्हा त्याला म्हणाली, "मधी एकलीच बरी दिसंना. आणिक एक आण बाबा, जोडी व्हईल."

काही महिन्यांनी तो गेल्याची तार आली. कशानं गेला, ते तारेत नव्हतं.

पुढं अंदमानात त्याच्यासोबत कामाला असलेला माकणी गावचा जोडीदार त्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात आला. आई जोगव्याला गेली होती. त्यानं मला सगळं सांगितलं. ओहोटीला भावानं खडकातून तसलाच शंख उचलला, पण ह्यात जीव होता. आतल्या गोगलगाईनं तळहाताला डंख मारला. मुंगी चावल्यागत वाटलं म्हणून भाऊ हसला, "आईची जोडी झाली" म्हणाला. मग ओठ बधिर झाले, पापण्या उचलेनात. दवाखान्यात नेईपर्यंत श्वास थांबला.

मला त्या शंखाचा राग आला, त्याहून जास्त आईचा आला. पण अंगणात तिची चाहूल लागली आणि राग कुठल्या कुठं गेला. मी त्याच्यापुढं हात जोडले. "तापानं गेला म्हणा. हे कळलं तर ती जगायची न्हाय."

आई आत आल्यावर तो तसंच म्हणाला. पण बोलताना त्याची नजर तिच्या गळ्यावरून हलेना. आईनं परडी खाली ठेवली.

"जोडी घावली व्हती का त्याला?"

"न्हाय, आई," असं म्हणून तो मान खाली घालून रडायला लागला.

आईनं त्याला भाकरी वाढली. पुढच्या मंगळवारी ती जोगव्याला निघाली, तेव्हा माळेत मधोमध नुसता दोरा होता. शंखाचं काय केलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.